एक घाव दोन तुकडे की बेरजेचं राजकारण? अमेरिकेचे अध्यक्ष आणि हात बांधून ठेवणारी घटना

दप्तरदार
'कणखर नेतृत्व' धाग्यावर गेल्या आठवड्यात जे रणकंदन झालं, त्यात तीन-चार जणांनी तरी एक वाक्य लिहिलं होतं : "अमेरिकेत बघा, अध्यक्षाने ठरवलं की झालं." उत्तर टंकेपर्यंत धाग्याला कुलूप लागलं. म्हणून ही वेगळी चूल.

अमेरिकेत अध्यक्षाने ठरवलं की होत नाही. निदान घरच्या कारभारात तरी. माझं आवडतं उदाहरण १९५२ चं पोलाद प्रकरण.

कोरियात युद्ध चालू होतं. पोलाद कामगारांना पगारवाढ हवी होती. कारखानदार म्हणत होते, आधी टनामागे १२ डॉलर भाववाढ द्या, मग पगाराचं बोलू. संप तोंडावर आला तशी ८ एप्रिलच्या रात्री तेव्हाचे अध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनी भाषण करून देशातले बहुतेक मोठे पोलाद कारखाने सरकारने ताब्यात घेतल्याचं जाहीर केलं. कोणत्या कायद्याखाली? कोणत्याच नाही. अध्यक्षपदाचे अंगभूत अधिकार, एवढंच. व्यापारमंत्री चार्ल्स सॉयर यांनी कंपन्यांच्याच प्रमुखांना सरकारतर्फे कारखाने चालवायला सांगितलं. म्हणजे खुर्ची तीच, माणूस तोच, मालक फक्त बदलला.

२ जूनला सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी निकाल दिला : हा अधिकार अध्यक्षाला नाही. नऊच्या नऊ न्यायमूर्ती आधीचे अध्यक्ष रूझवेल्ट किंवा खुद्द ट्रूमन यांनी नेमलेले होते. ट्रूमन यांनी नेमलेल्या चौघांपैकी दोघं त्यांच्या विरोधात गेले! कारखाने मालकांना परत, आणि मग संप झालाच. ५३ दिवस चालला.

ट्रूमन यांच्या हाताशी टाफ्ट-हार्टले कायदा होता. त्यात कोर्टामार्फत ८० दिवस संप रोखता येतो. पण तो कायदा १९४७ साली काँग्रेसने त्यांचा नकाराधिकार डावलून केलेला, त्यामुळे त्यांच्या डोक्यात गेलेला. (इथे काँग्रेस म्हणजे तिकडची संसद, सेनेट हे तिचं वरिष्ठ सभागृह. आपली काँग्रेस नव्हे. सूचना देऊन ठेवलेली बरी.)

माझं मत असं की ज्या देशाच्या घटनेने अध्यक्षाचे हात मुद्दाम बांधलेत, तिथे 'एक घाव दोन तुकडे' करणारा गाजतो, पण चार विरोधक गोळा करणाऱ्याचं काम टिकतं. तुम्हाला काय वाटतं? तुमच्या मते टिकाऊ काम कोणी करून दाखवलं?

कळकळीची विनंती : सध्याच्या कुणावरही घसरू नका. निदान पहिल्या पानावर तरी.

खट्याळ_काका
पयला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय. विनंती किती प्रतिसाद टिकते ते मोजतो.

एडिसनकर
दप्तरदार, तुम्ही ट्रूमन यांचा पडलेला फटका दाखवलात, बसलेला दाखवला नाहीत.

२६ जुलै १९४८. त्याच ट्रूमन यांनी एका सहीने (आदेश क्र. ९९८१) सैन्यात वंशावरून भेदभाव चालणार नाही असं जाहीर केलं. तोपर्यंत काळ्या सैनिकांच्या तुकड्या वेगळ्या, मुदपाकखाने वेगळे. हा विषय काँग्रेसपुढे नेला असता तर दक्षिणेतल्या, म्हणजे त्यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाच्या, सेनेटरांनी भाषणं कर-करून त्याला झोपवलं असतं. निवडणूक जेमतेम तीन महिन्यांवर होती. त्याच महिन्यात दक्षिणेतले काही प्रतिनिधी पक्षाच्या अधिवेशनातून उठून गेले होते, त्यांनी वेगळा उमेदवार उभा केला आणि त्याने चार राज्यं नेलीसुद्धा. तरी ट्रूमन निवडून आले.

सहमतीची वाट बघत बसले असते तर कोरियातही वेगळ्या पंगती बसल्या असत्या.

वारणेचा_गडी
एडिसनकर +१. हे सहमती-बिहमती बोलायला छान. निर्णय घ्यायला छाती लागते. शंभर टाळकी एकत्र बसवा, एक खड्डा बुजत नाही. आमच्या सोसायटीत लिफ्ट बदलायचा ठराव सलग तीन सर्वसाधारण सभांत 'सर्वांचं मत घेऊन' पुढे ढकलला गेला. शेवटी नवीन चेअरमनने कोटेशन मागवून काम चालू केलं.

तिरकस
आणि मग? उपनिबंधकाकडे तक्रार गेली का नाही?

वारणेचा_गडी
गेली. 😑 पण लिफ्ट चालते.

खट्याळ_काका
हसून हसून पुरेवाट. पोलाद प्रकरण, वारणा आवृत्ती.

मंदाकिनी
मूळ प्रश्नाकडे. माझं मत अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना, आणि तेही १९६४ च्या, वंशभेदाला बंदी घालणाऱ्या नागरी हक्क कायद्यापुरतं.

जॉन्सन मुळात सेनेटचे मुरलेले नेते, टेक्सासचे. कोणाला काय हवंय, कोण कशाला घाबरतो, हे त्यांना पाठ. कायद्याची अडचण मतांची नव्हतीच. साधं बहुमत होतं. अडचण होती ती भाषणं करून कामकाज रोखणाऱ्यांची. ते थांबवायला तेव्हा ६७ मतं लागायची आणि दक्षिणेतले डेमोक्रॅट काही झालं तरी येणार नव्हते. म्हणजे रिपब्लिकन हवेतच. त्यांचे नेते एव्हरेट डर्कसन. जॉन्सन यांनी विधेयक सांभाळणाऱ्या ह्युबर्ट हम्फ्री यांना डर्कसन यांच्या मागेच लावलं. त्यांना हवे ते शब्द बदला, श्रेय त्यांना द्या, फोटो त्यांचे येऊ द्या, पण ते आले पाहिजेत. सवाल अध्यक्षाच्या अहंकाराचा होता आणि तो अहंकार लहान नव्हता!

१० जून १९६४ ची सकाळ मला फार भावते. कायद्याचे विरोधक रॉबर्ट बर्ड आदल्या संध्याकाळपासून १४ तासांहून जास्त बोलून नुकतेच खाली बसलेले. मतदान सुरू. कॅलिफोर्नियाचे क्लेअर एंगल यांना मेंदूचा ट्यूमर, वाचा गेलेली. त्यांना चाकाच्या खुर्चीतून सभागृहात आणलं होतं. नाव पुकारल्यावर बोलता येईना, तेव्हा त्यांनी हात उचलून डोळ्याकडे नेला. इंग्रजीत डोळा आणि होकार यांचा उच्चार एकच. मत नोंदलं गेलं. ७१ विरुद्ध २९. त्या ७१ मधले २७ रिपब्लिकन. दीड महिन्याने एंगल गेले.

२ जुलैला सही झाली. कायदा आजही उभा आहे. एका सहीवर झाला असता तर पुढच्या अध्यक्षाने दुसऱ्या सहीने पुसला असता.

वाचनमात्र
एंगल यांचा किस्सा माहीत नव्हता. अंगावर काटा आला. मंदाकिनीताई, तुम्ही एवढं कमी का लिहिता?

दप्तरदार
मंदाकिनीताई, नेमकं हेच म्हणायचं होतं. यशवंतराव चव्हाणांचं 'बेरजेचं राजकारण' ते हेच. विरोधकाला हरवायचं नाही, आपल्या बाजूच्या रकान्यात आणायचं.

तिरकस
जरा थांबा. हार घालायची घाई नको.

१० जूननंतर दोन महिने पण झाले नाहीत. ७ ऑगस्ट १९६४, टोंकिनच्या आखाताचा ठराव. अध्यक्ष तेच, काँग्रेस तीच. व्हिएतनाममध्ये 'लागतील ती सगळी पावलं' उचलायला मोकळीक. कनिष्ठ सभागृहात ४१६ विरुद्ध शून्य. सेनेटमध्ये ८८ विरुद्ध २. याहून मोठी सहमती कुठे सापडेल? ज्या दुसऱ्या हल्ल्याच्या बातमीवर हा ठराव आला तो हल्ला झालाच नव्हता, हे पुढे उघड झालं. विरोधात गेलेले दोघे, वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रुनिंग, १९६८ मध्ये दोघांच्याही जागा गेल्या.

बेरीज बरोबर आली म्हणून गणित बरोबर असतं असं नाही.

एडिसनकर
तिरकस, 👏. यालाच जोडून : फेब्रुवारी १९४२ मध्ये रूझवेल्ट यांच्या एका आदेशाने (९०६६) पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना छावण्यांत डांबलं. बहुतेक जण अमेरिकी नागरिक. आता हा 'निर्णायक' निर्णय की 'सहमतीचा'? सही एकट्याची, पण काँग्रेसने महिनाभरात त्याला शिक्षेची तरतूद जोडून दिली आणि १९४४ ला कोर्टानेही ६-३ ने मान डोलावली. तिन्ही खांब एका बाजूला झुकलेले. माफी मागायला १९८८ उजाडलं.

त्यामुळे मला तुमचा प्रश्नच पटत नाही, दप्तरदार. निर्णय एकट्याने घेतला की दहा जणांनी, याने तो चांगला ठरत नाही.

दप्तरदार
चांगला-वाईट असं मी म्हटलंच नव्हतं. टिकतो का, एवढंच विचारलं होतं. वाईट निर्णयही सहमतीने झाला की जास्त टिकतो, हे तुमच्याच उदाहरणातून निघतंय.

एडिसनकर
मग तर सहमती जास्तच धोक्याची की!

बाबल
मला वाटतं दोघंही एकच बोलताहात. (पळा)

काळा_कोट
वकिलाच्या नजरेतून दोन पैसे. पोलाद खटल्यात बहुमताचा निकाल न्या. ह्युगो ब्लॅक यांनी लिहिला, पण आज वकील उद्धृत करतात ते न्या. रॉबर्ट जॅक्सन यांचं वेगळं सहमतीपत्र. त्यांनी तीन पायऱ्या सांगितल्या. काँग्रेसने स्पष्ट किंवा गर्भित संमती दिलीय तिथे अध्यक्षाची ताकद सगळ्यात जास्त. काँग्रेस गप्प आहे तिथे संधिप्रकाश, परिस्थिती बघून ठरवायचं. आणि काँग्रेसच्या इच्छेविरुद्ध जातोय तिथे ताकद तळाला. पोलाद प्रकरण तिसऱ्या पायरीवर होतं, कारण टाफ्ट-हार्टले करताना कारखाने ताब्यात घेण्याची तरतूद घालायची का यावर चर्चा होऊन ती नाकारलेली होती.

म्हणजे घटना 'तू कणखर आहेस का' असं विचारत नाही. 'मागे कोण उभं आहे' असं विचारते. अध्यक्षाची ताकद ही ठरावीक मापाची नसतेच, दुसऱ्यांच्या संमतीने ती फुगते आणि आटते. त्या अर्थी बेरीज करणारा अध्यक्ष मवाळ नसतो. तो कोर्टात जाण्याआधीच स्वतःचा पाया भरत असतो.

गंमत बघा, हेच जॅक्सन १९४० साली रूझवेल्ट यांचे अॅटर्नी जनरल होते. ब्रिटनला ५० जुन्या विनाशिका (युद्धनौका) द्यायच्या आणि बदल्यात नाविक तळांचे भाडेपट्टे घ्यायचे, हा व्यवहार काँग्रेसला न विचारता करता येईल असा लेखी सल्ला त्यांनीच दिला होता. सरकारी वकील असताना आणि न्यायमूर्ती असताना माणसाला घटना वेगळी दिसते.

खट्याळ_काका
वकील वेगळा असताना फीसुद्धा वेगळी दिसते.

काळा_कोट
काका, फी संधिप्रकाशात ठरते. 🙂
अजून एक : न्या. डग्लस यांनी आठवण लिहून ठेवलीय की निकालानंतर ब्लॅक यांनी ट्रूमन यांना घरी जेवायला बोलावलं. ट्रूमन आधी घुश्शात होते, मग ग्लास हातात आल्यावर म्हणाले, ह्युगो, तुझा कायदा मला फारसा पटत नाही, पण ही बर्बन (व्हिस्की) मात्र झकास आहे.

सॅनहोजेची_सई
इतिहास छान चाललाय पण हे सगळं आमच्यासारख्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत येतं, म्हणून लिहिते. विनंती थोडी मोडतेय, पण नावं घेणार नाही.

ग्रीन कार्डाच्या रांगेत एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा आहे. ती कायद्यात आहे. कुठलाही अध्यक्ष, कितीही कणखर असो, ती सहीने काढू शकत नाही. जुलै २०१९ मध्ये ही मर्यादा नोकरीवाल्यांपुरती उठवायचं विधेयक कनिष्ठ सभागृहात ३६५ विरुद्ध ६५ ने मंजूर झालं. दोन्ही पक्ष एकत्र! आम्ही मैत्रिणी सेनेटरांच्या कार्यालयांत फोन करायचो. पलीकडची मुलगी सगळ्यात आधी झिपकोड विचारायची. मतदार नाही म्हटलं की आवाज बदलायचा, पण नोंद करून घ्यायची. डिसेंबर २०२० मध्ये सेनेटनेही एकमताने मंजूर केलं. पण वेगळ्या मसुद्यात. दोन मसुद्यांचा मेळ बसायच्या आत ३ जानेवारीला त्या काँग्रेसची मुदत संपली आणि सगळं शून्यावर. म्हणजे सहमती असूनही काम झालं नाही.

उलट बाजू : एच-४ वाल्या, म्हणजे नोकरीच्या एच-१बी व्हिसावर आलेल्यांच्या, बायकांना काम करायची परवानगी २०१५ साली मिळाली ती प्रशासनाच्या नियमाने. कायदा बदलून नव्हे. मला त्यामुळेच नोकरी लागली. आणि वर्षानुवर्षं कोर्टात त्यावर खटला चालू होता, दर निवडणुकीनंतर 'आता रद्द होणार' अशी हूल उठायची. घराचं कर्ज काढताना नवरा म्हणायचा, तुझा पगार धरायचा की नाही?

आणि सप्टेंबर २०२५. भाऊ नाशिकला बाबांच्या श्राद्धासाठी गेला होता. शनिवारी सकाळी उठतो तर एच-१बी साठी १,००,००० डॉलर शुल्काची घोषणा, रविवारपासून लागू. आई पानं मांडायचं बघत होती आणि हा फोनवर मुंबई-सॅन फ्रान्सिस्को तिकिटं शोधत होता. त्याच्या कंपनीचं पत्र, लगेच परत या. एका दिवसाने खुलासा आला की आधीच व्हिसा असलेल्यांना लागू नाही, फक्त नव्या अर्जांना. तोवर याने तिकीट काढलं होतं. निर्णायकपणा म्हणजे काय ते आम्ही त्या शनिवारी बघितलं.

वारणेचा_गडी
सईताई, पण तुमची नोकरीपण सहीनेच लागली ना?

सॅनहोजेची_सई
हो, आणि म्हणूनच पाच वर्षं नीट झोप लागली नाही. दोन्ही खरं आहे.

संपादक
सध्याच्या सरकारांवर चर्चा सरकू देऊ नये. सई यांचा प्रतिसाद अनुभवपर असल्याने ठेवत आहोत. पुढचे याच दिशेने गेलेले दोन प्रतिसाद उडवले आहेत.

खट्याळ_काका
विनंती एकूण सतरा प्रतिसाद टिकली. अंदाजापेक्षा बरंच.

वाचनमात्र
थोडं घराकडे. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत मसुदा मांडताना हाच पेच उलगडला होता. लोकशाहीतल्या कार्यकारी मंडळाकडून दोन अपेक्षा असतात, स्थैर्य आणि जबाबदारी. दोन्ही सारख्या प्रमाणात देणारी पद्धत अजून कुणाला साधलेली नाही. अमेरिकी पद्धत स्थैर्य जास्त देते, संसदीय पद्धत जबाबदारी जास्त देते. तिकडे जबाबदारीची तपासणी मुदतीने, निवडणूक आली की होते. इकडे प्रश्न, ठराव, अविश्वास, यांतून रोज होते. मसुद्याने जबाबदारीला झुकतं माप दिलंय, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आणि आपला राष्ट्रपती हा इंग्लंडच्या राजासारखा, राज्याचा प्रमुख पण कारभाराचा नव्हे.

म्हणून 'आपल्याकडे अमेरिकेसारखा अध्यक्ष हवा' असं कुणी म्हटलं की मला विचारावंसं वाटतं, अमेरिकेसारखी सेनेटही हवी आहे ना?

तिरकस
आपल्याकडे महाराष्ट्राचे वसंत साठे अध्यक्षीय पद्धतीचे मोठे पुरस्कर्ते होते. अध्यक्ष आला नाही, त्यांच्या माहिती-प्रसारण मंत्रिपदाच्या काळात १९८२ साली रंगीत टीव्ही मात्र आला.

बाबल
एकंदरीत महाराष्ट्राचा फायदाच झाला म्हणायचा.

मंदाकिनी
😄
वाचनमात्र, त्या राजासारख्या राष्ट्रपतीचंही एक टोक आहे. २५ जून १९७५ च्या रात्री फखरुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाची बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. म्हणून तर १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीत मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय असल्याशिवाय राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर करू नये अशी अट घातली गेली. हात नुसते बांधून भागत नाही. कोणी बांधलेत आणि दोरी कोणाच्या हातात आहे तेही बघावं लागतं.

पॅरिसचा_पांडू
वाचतोय. फ्रान्समधून एक भर. इथल्या घटनेत कलम ४९.३ आहे. सरकार मतदान न घेता विधेयक मंजूर झाल्याचं धरू शकतं, विरोधकांनी अविश्वास ठराव जिंकला नाही तर. मार्च २०२३ मध्ये निवृत्तीचं वय ६२ वरून ६४ करताना हेच वापरलं. अविश्वास ठराव ९ मतांनी पडला. घटना परिषदेनेही कायद्याचा मुख्य भाग वैध ठरवला. म्हणजे कणखरपणा पूर्ण घटनेच्या चौकटीत! पण सफाई कामगारांच्या संपाने आमच्या गल्लीत कचऱ्याच्या पिशव्या पहिल्या मजल्याच्या खिडकीला टेकल्या होत्या. घटनेत बसणं आणि लोकांच्या गळी उतरणं यात फरक आहे, एवढंच.

रानवारा
दक्षिण कोरिया विसरू नका. ३ डिसेंबर २०२४ ला रात्री साडेदहाच्या सुमारास अध्यक्ष यून यांनी लष्करी कायदा पुकारला. खासदार कुंपणावरून उड्या मारून आत गेले. मध्यरात्रीनंतर १९० विरुद्ध शून्य, मागे घ्या. घटनेत तसं लिहिलंय, बहुमताने सांगितलं की अध्यक्षाने उठवलाच पाहिजे. पहाटेपर्यंत खेळ खलास. एप्रिल २०२५ मध्ये घटना न्यायालयाने आठ विरुद्ध शून्य मतांनी पदावरून काढलं.

खट्याळ_काका
सहा तासांचा कणखरपणा. लिफ्ट यापेक्षा जास्त चालली.

मंदाकिनी
मूळ प्रश्नाला धरून एक जोडी सुचवते, कारण दोन्ही प्रकरणांत घटनेची अट एकच होती : तहाला सेनेटची दोन-तृतीयांश मतं.

वुड्रो विल्सन, १९१९. पहिल्या महायुद्धानंतरचा व्हर्सायचा तह, त्यातला राष्ट्रसंघ (संयुक्त राष्ट्रांच्या आधीची संघटना) त्यांच्या डोक्यातून आलेला. १९१८ मध्ये सेनेट विरोधकांकडे गेलं होतं, तरी पॅरिसला जाताना एकही सेनेटर सोबत नेला नाही. परत आल्यावर सेनेटमधले विरोधकांचे नेते हेन्री कॅबट लॉज यांनी अटी घातल्या. विल्सन यांनी वाटाघाट करायच्या ऐवजी आगगाडीने देशभर भाषणं देत लोकांना थेट साद घातली, कोलोरॅडोत कोसळले, नंतर पक्षाघात झाला. शेवटी अटींसकट तह नको म्हणून स्वतःच्याच पक्षाच्या सेनेटरांना विरोधात मत द्यायला सांगितलं. मार्च १९२० मध्ये ४९ विरुद्ध ३५. सात मतं कमी. राष्ट्रसंघाची कल्पना ज्यांची, त्यांचाच देश बाहेर.

जिमी कार्टर, १९७८. पनामा कालवा पनामाला परत द्यायचे दोन तह. देशात प्रचंड नाराजी. कार्टर यांना सगळे मऊ म्हणायचे. त्यांनी सेनेटर एकेक करून बोलावले. डेनिस डिकन्सिनी नावाच्या पहिल्याच खेपेच्या सेनेटरने पनामाला झोंबेल अशी अट घातली, ती गिळली. दोन्ही तह ६८ विरुद्ध ३२. लागत होती ६७! ३१ डिसेंबर १९९९ ला कालवा पनामाकडे गेला.

त्या दोघांत 'कणखर' कोण वाटतो? विल्सन. पण तह कोणाचा झाला?

वारणेचा_गडी
आणि १९८० ला निवडणूक कोण हरलं?

मंदाकिनी
कार्टर. हरण्याची कारणं बरीच होती, पण ही बाजूही आहेच. ज्या सेनेटरांनी होकार दिला त्यांच्यातल्याही बऱ्याच जणांना पुढे मतदारांनी घरी पाठवलं. बेरीज फुकट होत नाही.

एडिसनकर
सहमतीच्या नादात वेळ कसा जातो तेही लिहा मग. २००९ चा उन्हाळा. आरोग्य विम्याच्या कायद्यासाठी ओबामांचे लोक सेनेटच्या सहा जणांच्या गटाची वाट बघत राहिले, तीन इकडचे तीन तिकडचे. महिने गेले. शेवटी मार्च २०१० मध्ये कायदा झाला तेव्हा विरोधी पक्षाचं एकही मत मिळालं नाही. २१९ विरुद्ध २१२. आणि तरी तो टिकला! २०१७ मध्ये जॉन मॅकेन यांनी रात्री सेनेटमध्ये अंगठा खाली केला आणि रद्द करायचा प्रयत्न ४९ विरुद्ध ५१ ने पडला. मॅकेन विरोधी पक्षाचे, आणि डिसेंबर २००९ मध्ये सेनेटमध्ये त्यांनी याच कायद्याच्या विरोधात मत दिलं होतं, बरं का. म्हणजे टिकायला दोन्ही पक्षांची सहमती लागते असंही नाही. लोकांच्या हातात वस्तू पडली की ती काढून घेणं अवघड, एवढंच.

काळा_कोट
एडिसनकर, पण तो 'कायदा' होता, सही नव्हे. काँग्रेसच्या वाटेने गेला. माझा मुद्दा तिथेच आहे. विरोधक सोबत नसले तरी चालतील, पण वाट तीच हवी. २०२२ मध्ये शैक्षणिक कर्जमाफी बायडन प्रशासनाने जुन्या कायद्याच्या आधाराने स्वतःच्या पातळीवर जाहीर केली, २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ६-३ ने उडवली.

दप्तरदार
हो. आणि रूझवेल्ट यांची १९३७ ची फजिती याच माळेतली. ४८ पैकी ४६ राज्यं जिंकून आलेला माणूस, सेनेटमध्ये तीन-चतुर्थांशाहून जास्त जागा. सुप्रीम कोर्टात सहा जादा न्यायमूर्ती भरायची योजना काढली, ती स्वतःच्या नेत्यांनाही जाहीर करायच्या दिवशी सकाळी सांगितली. जुलैमध्ये त्यांच्याच सेनेटने ७० विरुद्ध २० ने परत धाडली. तेच रूझवेल्ट, ज्यांनी दोन वर्षं आधी सामाजिक सुरक्षेचा कायदा काँग्रेसकडून व्यवस्थित करून घेतला होता. तो आजही निवृत्तांच्या खात्यात पैसे टाकतोय.

तिरकस
योजना पडली, पण मार्चमध्येच कोर्टाने सूर बदलला होता. किमान वेतनाचा कायदा ५-४ ने उचलून धरला. एका न्यायमूर्तीने योजना जाहीर होण्याआधीच मन बदललं होतं असं म्हणतात, पण धाक नव्हताच असंही म्हणवत नाही. एकदा काठी उगारल्याशिवाय बेरीज होत नाही हे बेरीजवाले कधी कबूल करत नाहीत.

एडिसनकर
माझ्या सैन्याच्या उदाहरणावर अजून कुणी हल्ला केला नाही. दारूगोळा संपला का?

मंदाकिनी
करते. आदेश १९४८ चा. पण सही झाल्यावर सैन्यात दुसऱ्या दिवशी काही बदललं नाही. लष्कराने पाय ओढले. लष्कर मंत्री केनेथ रॉयल यांना १९४९ मध्ये जावं लागलं. ट्रूमन यांनी आदेशातच एक समिती नेमली होती, चार्ल्स फाही तिचे अध्यक्ष. ती समिती जनरलांसोबत महिनोन्महिने बसून आकडे मांडत राहिली, की काळ्या सैनिकांना ठरावीक कामांतच ठेवल्याने तुमचीच कौशल्याची माणसं वाया जातात. मग कोरियात गोऱ्या तुकड्यांत माणसं कमी पडायला लागली तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांनी आपणहून काळे सैनिक घ्यायला सुरुवात केली. शेवटची वेगळी तुकडी मोडली ती १९५४ मध्ये, ट्रूमन घरी गेल्यावर.

हेच ट्रूमन १९५२ च्या उन्हाळ्यात म्हणाले होते की बिचारा आइक (सेनापती आयझेनहॉवर, पुढचे अध्यक्ष) इथे बसून 'हे करा, ते करा' म्हणेल आणि काहीच होणार नाही, हे लष्करासारखं नाही. मला वाटतं त्यांना लष्करसुद्धा लष्करासारखं नसतं हे चांगलंच माहीत होतं.

एडिसनकर
फाही समितीचं इतकं बारकाईने वाचलं नव्हतं. पण आदेश नसता तर समिती कशाच्या जिवावर जनरलांपुढे बसली असती?

मंदाकिनी
कशाच्याच नाही. मान्य.

काळा_कोट
जाता जाता मूळ धाग्यात एक भर. दप्तरदार, टाफ्ट-हार्टले वापरला नाही तो नुसत्या रागापायी नव्हे. कामगार संघटनेने सरकारच्या विनंतीवरून संप आधीच ९९ दिवस पुढे ढकललेला होता. त्यांना वर अजून ८० दिवस थांबा म्हणणं ट्रूमन यांना अन्यायाचं वाटलं. जुलैअखेर समझोता झाला तो जवळपास त्याच अटींवर, ज्या महिन्यांपूर्वी टेबलावर होत्या.

दप्तरदार
हे ९९ दिवसांचं धाग्यात घ्यायला हवं होतं. मग प्रश्न असा की कारखानदारांना भाववाढ शेवटी किती मिळाली? कोणाकडे आकडा असेल तर द्या, नाहीतर रविवारी ग्रंथालयात जाऊन बघतो.